विसावा फर्मा

सुरीचे टोक टाक्याखाली घालून त्याने दोरा तोडला, पाणीपुरवठा खात्याच्या वार्षिक अहवालाचा शेवटचा फर्मा सोडवून बाजूला ठेवला आणि सवयीने वरची ओळ वाचली. तिथे नळांच्या व्यासांचा तक्ता असायला हवा होता. तिथे छापले होते, ‘कडी वाजवावी लागली नाही. दार आतून उघडले.’ त्याने ओळ पुन्हा वाचली. पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बारीक टाइपात फर्म्याचा आकडा होता, वीस. वर पानाचा आकडा, तीनशे पाच. हातातली सुरी त्याने खाली ठेवली, उगाच पुन्हा उचलली, पुसली आणि परत ठेवली. खिडकीखाली कुणीतरी मोटारसायकल सुरू करू पाहत होते आणि ती सुरू होत नव्हती. हे पान कुठले, हे त्याला कुणाला विचारावे लागले नाही. ज्या पुस्तकाचा शेवट तीनशे चाराव्या पानावर होतो असे तो एकतीस वर्षे मानत आला होता, आणि जे त्याने स्वतःच्या हाताने बांधले होते, त्याची ही पुढची सोळा पाने होती. तो पाणी प्यायला, आणि मग लक्षात आले की ते चिकी, म्हणजे बांधणीची खळ, पातळ करायला ठेवलेले पाणी होते.

ग्रंथालयाने त्याला निवृत्तीनंतरही आठवड्यातून तीन दिवस बोलावले होते ते बांधायला नव्हे, उसवायला. जुने अहवाल यंत्राच्या काचेवर ठेवून त्यांची चित्रे काढायची होती. बांधलेले पुस्तक काचेवर सपाट बसत नाही, म्हणून पाठी उसवायच्या. ज्याने शिवले त्यालाच उसवायला बसवावे म्हणजे पाने फाटणार नाहीत, हा साहेबांचा विचार, आणि तो काही चुकीचा नव्हता. आयुष्यभराचे टाके असे एकेक तोडताना त्याला वाईट वाटत नव्हते असे नाही, पण अहवालांबद्दल कुणी किती हळवे व्हायचे? ते न वाचण्यासाठीच छापलेले असतात. एकतीस वर्षांत हा अहवाल शेवटपर्यंत एकानेही उलटला नव्हता, हे आता पुराव्यानिशी सिद्ध झाले होते. एखाद्या इंजिनिअरने जरी नळांचे व्यास पाहता पाहता शेवटचे पान उलटले असते, तरी तो म्हणाला असता, अरे, आमच्या अहवालात ही बाई कोण? आणि मग सगळे वेळेवर निस्तरले असते. आता हे वरातीमागून घोडे होते. घोडे त्याच्यासमोर टेबलावर पडले होते, आठ कागद, सोळा पाने, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि ते कुणापुढे न्यायचे हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याला उठवत नव्हते.

एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातला की सोळा पानांचा फर्मा होतो. असे फर्मे क्रमाने लावायचे, शिवायचे, पाठीला चिकी लावायची, पुठ्ठा चढवायचा. धंदा एवढाच. त्याच्या वस्तादाने पहिल्या दिवशी सांगितले होते, “आकडे बघ, अक्षरं बघू नकोस. अक्षरांत शिरलास की पुस्तक बिघडवशील.” वस्ताद स्वतः अंगठाबहाद्दर होता आणि त्याच्या हातचे एकही पुस्तक कधी बिघडले नाही. याला मात्र वाचायची खोड. फर्मे लावता लावता तो वाचत असे. तिसऱ्या फर्म्यात नायक आजारी पडला की चौथा शोधताना त्याचे हात घाई करत. टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणारा एक किडकिडीत माणूस रोज दुपारी पुस्तक बदलायला यायचा. तो बांधणीच्या खोलीत डोकावून म्हणाला होता, “सुईदोरा, तू पुस्तकं बांधतोस की उष्टी करतोस?” तेव्हापासून हा सुईदोरा आणि तो टपालबाबू. आणि तिसऱ्या ग्रंथपाल बाई. बाईंना दुसरे नाव द्यायची कुणाची छाती नव्हती. त्या नुसत्या बाई.

शनिवारी दुपारी ग्रंथालय अर्धा दिवस बंद झाले की तिघे बांधणीच्या खोलीत बसत. दाबाच्या यंत्रावर चहाचे कप ठेवलेले बाईंना चालत नसत, म्हणून कप मांडीवर. कुणी काय वाचले आणि दुसऱ्याने काय वाचायलाच हवे, याच्यावर ती बैठक चाले. पण मत सांगायला बंदी होती. हा बाईंचा नियम. “मत सांगितलं की दुसऱ्याचं वाचन तुमच्या मताशी भांडण्यात जातं,” त्या म्हणत, “पान सांगा.” म्हणजे ज्या पानावर पुस्तक मिटून बाजूला ठेवावे लागले, पुढे जाववले नाही, त्या पानाचा आकडा. त्याला ते थांबा म्हणत. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कोरी चिठ्ठी चिकटवलेली असे, तिच्यावर तिघांचे तीन आकडे. बाईंचा एकशे बारा, टपालबाबूचा नव्वद. मग ज्याने त्याने दुसऱ्याच्या पानावर जाऊन शोधायचे, हा इथे का थांबला असेल. माणूस असा कळत जातो, हे त्या खोलीत त्याला उमगले. टपालबाबू आईच्या मरणाशी कधीच थांबत नसे. तो थांबे तो कुणी कुणाला निरोप न देता गेला की. हा स्वतः जेवणाच्या वर्णनांशी थांबतो हे बाईंनी ओळखले होते आणि त्याला हसत. लेखकांनाही त्यांनी आपली नावे ठेवली होती. एक मालगाडी, वाक्य सुरू झाले की फाटक उघडेपर्यंत वाट पाहायची. एक रडूबाई, ते खरे तर मिशीवाले गृहस्थ होते. आणि एक मोजणीवाला. हा कुठल्याशा भूमापन खात्यातला कारकून. दोनच पुस्तके लिहून गेला, प्रकाशकही त्याच्यामागे बुडाला. पण लिहायचा तो जमीन मोजल्यासारखे. खोली किती पावलांची, दार कुठे, बाई कुठे उभी. उपमा नाही, अलंकार नाही. बाईंना साऱ्या लेखकांत तो प्रिय. “हा माणूस खोटं बोलूच शकत नाही,” त्या म्हणत, “त्याला येतच नाही.”

मोजणीवाल्याचे दुसरे पुस्तक त्यांच्याकडे आले ते पुठ्ठे गेलेले, पाठ मोडलेले, अनुक्रमणिका फाटलेले, फर्मे सुटे. कुणाच्या तरी माळ्यावरून. गोष्ट दोन बहिणींची. थोरलीने चारचौघांत एक वाक्य म्हटले, धाकटीने ते धरून ठेवले, आणि त्याच गावात तीनशे पाने त्या एकमेकींच्या घरावरून वळसा घालून जातात. शेवटी एका दुपारी धाकटी निघते. मोजणीवाला तिची पावले मोजतो. गल्ली, पायऱ्या, दार. ‘तिने कडीला हात घातला.’ इथे एकोणिसावा फर्मा संपला आणि त्या दुपारी बांधणीच्या टेबलापाशी उभा राहून तो रडला होता. रडला म्हणजे खरोखर रडला, बाहीने नाक पुसत, चाळिशीही न गाठलेला, तीन वर्षांचा मुलगा घरी असलेला माणूस. असा शेवट त्याने कधी वाचला नव्हता. इतका धीट, हात कडीवर ठेवूनच संपणारा. तिथेच संपले असे त्याला वाटले, कारण तिथेच संपावे असे त्याला वाटत होते. विसावा फर्मा टेबलावर पालथा पडला असणार. शेजारी पाणीपुरवठ्याच्या अहवालाचे फर्मे, तोच कागद, तोच आकार. डोळे पुसून त्याने टेबल आवरले आणि हाताला आले ते अहवालाच्या गठ्ठ्यावर टाकले. फर्मे मोजून घ्यायचे असतात. त्या दिवशी त्याने मोजले नाहीत. आकडे बघितले नाहीत, अक्षरेच बघितली.

तिघांनीही चिठ्ठीवर एकच आकडा लिहिला, तीनशे चार. असे पुन्हा कधी झाले नाही. नियम मोडून त्या पुस्तकावर ते वर्षानुवर्षे भांडले. टपालबाबू म्हणे, “ती कडी वाजवते, बाई. हात घातला म्हणजे वाजवतेच. पत्रावर पत्ता लिहून कुणी घरात ठेवत नाही.” बाई म्हणत, “ती परत फिरते. तिथवर येणं हेच तिचं बोलणं. दार वाजवलं की मग रडारड, समजुती, चहा. मोजणीवाला असलं काही लिहिणार नाही. इतका स्वाभिमान दुसऱ्या कुणी लिहिलेला नाही.” आणि दोघे याच्याकडे वळत. हा काही बोलत नसे. तो शेवट आपल्याला पहिल्यांदा सापडला एवढ्यानेच त्याची छाती भरून येई. आता त्याला वाटले, सापडला कसला, आपणच केला. एकदा टपालबाबू बदलीच्या गावाहून आला तेव्हा म्हणाला होता की तिथल्या वाचनालयात हेच पुस्तक दिसले, पण ते कपाट कुलपात होते, आणि आपल्याहून जरा जाड वाटले. “जाड कागदावर छापलं असेल,” हा म्हणाला होता. स्वतःच म्हणाला होता. बाईंनी मान डोलावली होती, कारण कागदाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा.

आणि हे एवढेच असते तरी तो बाईंकडे हसत गेला असता, म्हणाला असता, बाई, गंमत बघा. पण बाईंना एक थोरली बहीण होती. बाईंची आई गेली तेव्हा ग्रंथालयात मोजदाद चालू होती, बाई पोचल्या त्या दुसऱ्या दिवशी, आणि जमलेल्या माणसांत थोरली म्हणाली, “तू आईजवळ नव्हतीस. तू पुस्तकांजवळ होतीस.” बोलणे खोटे नव्हते, म्हणून ते विसरता येईना. दोन वर्षे पत्र नाही, फोन नाही. मग हे पुस्तक आले. ते वाचल्यावर वर्षभरात बाई एका सकाळी कुणाला न सांगता थोरलीच्या गावी गेल्या, दारापर्यंत गेल्या, आणि परत आल्या. पुढच्या शनिवारी कप मांडीवर धरून त्यांनी सांगितले, “मी कडीला हात लावला आणि फिरले. तिच्यासारखी.” याला आठवते, त्या वेळी त्याला बाईंचा अभिमान वाटला होता. पुस्तकासारखे जगणारे माणूस त्याने पहिल्यांदा पाहिले होते. सहा वर्षांनी थोरली वारली. बाई गेल्या नाहीत. “आता जायला दार कुठे आहे?” एवढेच म्हणाल्या, आणि त्या दिवशी रजाही घेतली नाही.

फर्मा त्याने दोन पुठ्ठ्यांत घालून पिशवीतून घरी आणला. कुणी पाहत नव्हते तरी जिना चढताना पिशवी दुसऱ्या हातात घेतली. चोराच्या मनात चांदणे. घरी जेवणाच्या टेबलावर बसून त्याने सोळाही पाने वाचली, मग बायकोला सांगितले. तिने भांडी घासता घासता ऐकून घेतले. तिने ते पुस्तक वाचलेले नव्हते, पण नवऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकले होते की वाचायचे काही उरलेही नव्हते. “सांगू नका,” ती म्हणाली. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“चूक माझी आहे गं.”

“म्हणूनच म्हणते. तुमचं मन हलकं करायला त्यांच्या छातीवर दगड ठेवायला जाऊ नका. त्यांचे किती दिवस राहिलेत?”

किती राहिले आहेत हे त्याला माहीत होते. बाईंचे डोळे जाऊन चार वर्षे झाली होती. आता हृदयाचे दुखणे. डॉक्टरांनी हल्ली औषधे कमी केली होती, आणि ती बरे वाटावे म्हणून कमी केलेली नाहीत हे बाईंना सगळ्यांच्या आधी कळले होते. डोळे गेल्यापासून हा मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी जाऊन त्यांना वाचून दाखवायचा. टपालबाबू होता तोवर तो सोमवारी. टपालबाबू दोन वर्षांपूर्वी गेला, निरोप न देता, झोपेत; त्याच्या स्वतःच्या थांब्यासारखा. आता दोघेच. आणि गेल्या शुक्रवारी बाई म्हणाल्या होत्या, “आता नवं काही नको. मोजणीवाला आण. शेवटची पन्नास पानं पुरेत.” तो मंगळवार उद्याचा होता. बायकोचे खरे होते, हे त्याला कळत होते. तीनशे चारपर्यंत वाचायचे, पुस्तक मिटायचे, चहा प्यायचा, घरी यायचे. रात्री त्याने फर्मा कपाटात कपड्यांखाली ठेवला, आणि सकाळी निघताना काढून पिशवीत टाकला. का टाकला, हे त्याने स्वतःला विचारले नाही.

बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर. दिवसाची नर्स दार उघडून स्वयंपाकघरात गेली, तिथे तिचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता. बाई उशांना टेकून बसल्या होत्या. केस विंचरलेले, पांढऱ्या साडीचा पदर नीट, हात मोकळे मांडीवर. त्या हातांकडे पाहिले की त्याला अजून पुस्तक फाटले तर बोलणी बसतील असे वाटे. त्याने वाचायला सुरुवात केली. त्याचा आवाज जाडाभरडा आहे आणि जोडाक्षरे तो चावून म्हणतो, पण बाई म्हणत, मोजणीवाल्याला असाच आवाज हवा. गल्ली आली. पायऱ्या आल्या. बाईंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. त्यांना हे पाठच होते, फक्त दुसऱ्याच्या तोंडून हवे होते. ‘तिने कडीला हात घातला.’ त्याने पुस्तक मिटले. नर्सच्या रेडिओवर कुणीतरी साबणाची जाहिरात करत होते.

“फिरली,” बाई म्हणाल्या. “टपालबाबू असता तर आता भांडला असता. तू मात्र तीस वर्षांत तोंड उघडलं नाहीस. आता तरी सांग. ती काय करते रे?”

त्याला सांगायचे होते, मला काय कळतंय. हे वाक्य तयार होते. ते त्याने आयुष्यभर वापरले होते. पण तोंडातून निघाले ते दुसरेच. “बाई, पुढे सोळा पानं आहेत.”

बाईंनी मान त्याच्या आवाजाकडे वळवली. त्यांचे डोळे नेहमीप्रमाणे त्याच्या खांद्याच्या थोडे वर लागले. “कुठे होती?”

“अहवालात. पाणीपुरवठ्याच्या. माझ्याच हातून शिवली गेली. काल उसवताना सापडली.”

“तू वाचलीस?”

“हो.”

“वाच.”

तो उठला, पिशवीतून पुठ्ठे काढले, दोरी सोडली. दोरीची गाठ त्याचीच, पण ती सुटेना. पाने मांडीवर घेतली. बायकोचे वाक्य कानात होते, छातीवरचा दगड. आणि समोर बाईंची छाती होती, साडीखाली श्वासाने जेमतेम हलणारी. एवढ्या दिवसांची शांती आपण या बाईंकडून काढून घेणार, तीही स्वतःच्या चुकीने, असा विचार आला. आयुष्यात त्याने एक ओळ लिहिली नव्हती. त्याने पानावर नजर ठेवली आणि पानात नसलेले वाचले. “‘तिचा हात कडीवर तसाच राहिला. जणू ती कडी नव्हती, आईचा हात होता. मग ती हळूच मागे फिरली आणि...’”

“थांब,” बाई म्हणाल्या.

तो थांबला.

“तीनशे चार पानांत या माणसाने एकदाही ‘जणू’ लिहिलेलं नाही. आणि ‘हळूच’ तर त्याला माहीतच नाही. त्याने लिहिलं असतं, ती मागे वळली, चार पायऱ्या उतरली.” बाईंच्या आवाजात राग नव्हता, पूर्वी कुणी पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवले की असायचा तसा कोरडेपणा होता. “हे तुझं आहे. तू रडूबाईचा वाचक, पहिल्यापासून. आता त्याचं वाच.”

वाचणाऱ्या माणसाशी खोटे बोलता येत नाही, हे त्याला कळायला हवे होते. त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वाचले. ‘कडी वाजवावी लागली नाही. दार आतून उघडले.’ मग थांबायचे धाडस झाले नाही, तसाच वाचत गेला. थोरली दारात उभी होती. तिने धाकटीला विचारले, किती वेळ उभी आहेस. धाकटी म्हणाली, आत्ताच आले. थोरली म्हणाली, जेवलीस का? धाकटी म्हणाली, हो. थोरलीने तरीही ताट घेतले. पुढची पाने तशीच होती. एका डब्याचे झाकण सापडत नव्हते, ते दोघींनी शोधले. नळ गळत होता. त्या वाक्याबद्दल कुणीच बोलले नाही. संध्याकाळी धाकटी निघाली तेव्हा थोरली म्हणाली, बस मिळणार नाही, राहा. ती राहिली. शेवटच्या ओळीत थोरलीने दिवा मालवला आणि दाराला कडी लावली. ना रडारड, ना समजुती. टपालबाबूही चुकला होता आणि बाईही. कडी वाजवायचा प्रश्नच आला नव्हता.

वाचून झाल्यावर त्याने पाने जुळवून घेतली. बाईंचा चेहरा भिंतीकडे होता. पाणी हवे का, असे त्याने विचारले, त्यांनी ऐकले नाही.

“ती खोकली होती,” बाई म्हणाल्या.

“कोण?”

“ताई. मी दारात उभी होते ना, तेव्हा आतून खोकली. अगदी दाराला लागून. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं मी. तिच्या दाराखालच्या फटीतून आतली जमीन दिसायची, तिथे तिच्या पायांची सावली होती. ती आत उभी होती आणि मी बाहेर उभी होते. मला वाटलं, ती उघडणार नाही. आणि मग वाटलं, नको, पुस्तकातली फिरली, हे असंच मोठं असतं.” श्वास पुरेना म्हणून त्या थांबल्या. “मी अजून थोडी थांबले असते तर.”

तो खुर्चीच्या कडेवर आला. “बाई, माझ्या हातून झालं हे. मी फर्मे मोजले नाहीत.”

अशा वेळी माणसे म्हणतात, राहू दे, तुझी काय चूक. म्हणायची रीतच आहे. नवरा बायकोला म्हणतो, शेजारी शेजाऱ्याला म्हणतो, मनात असो नसो. तो त्या वाक्याची वाट पाहत बसला. नर्सने चहा आणून ठेवला, बाईंच्या पाठीशी उशी सारखी केली, गेली. चहावर साय धरली. बाई ते वाक्य म्हणाल्या नाहीत. त्या आता म्हणणार नाहीत आणि कधीच म्हणणार नाहीत, हे त्याला हळूहळू समजत गेले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला बाईंसमोर परके वाटले. उठून जावे असे वाटले. पण उठायचे तरी काय म्हणून? निघतो म्हणायलाही काही हक्क लागतो.

“पुन्हा वाच,” बाई म्हणाल्या.

“सगळं?”

“दार उघडतं तिथून.”

त्याने पाने पुन्हा मांडीवर घेतली. त्याने खाकरून घेतले. ‘कडी वाजवावी लागली नाही. दार आतून उघडले.’ बाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला, कुणाच्या घरी गेल्यावर घेतात तसा, आणि उशीवरून पाठ उचलून सरळ बसल्या. त्याने वाचले, थोरली दारात उभी होती. त्याने वाचले, किती वेळ उभी आहेस. बाईंचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्याने वाचले, ‘जेवलीस का?’

“नाही गं, ताई,” बाई म्हणाल्या.

पानावर तिथे ‘हो’ होते. त्याने ते वाचले नाही.